तारेतला दोष नेमका कुठे?



घरात फोनच्या तारेवरून इंटरनेट घेतले आहे. पण ते सकाळी असते, दुपारी नसते. पाऊस पडला की जाते, दोन दिवस ऊन पडले की आपोआप येते. गुरुजी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसतात आणि नेमके शेवटच्या पानावर सारे थांबते. मुदत तर आजचीच असते. बरे, तक्रार करावी, तर लाइनमन दारात उभा राहताच सगळे सुरळीत चालू! तो बिचारा हसून निघून जातो आणि त्याची सायकल वळणाआड होते न होते तोच दिवा पुन्हा लुकलुकू लागतो.

कायमची बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणे सोपे असते. अधूनमधून बंद पडणारी वस्तू मात्र माणसाला वेड लावते. हे दुखणे इंटरनेटबरोबर आले असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. तारेतून संदेश पाठवण्याची विद्या जितकी जुनी, तितकेच तिचे हे दुखणेही जुने. दोष आहे हे कळते, पण तो कुठे आहे हे कळत नाही. या ‘कुठे’चे उत्तर माणसाने कसे शोधून काढले, त्याची गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी विहिरीपासून मळ्यापर्यंत जमिनीखालून पाइप टाकला असेल. एके दिवशी मळ्यात पाणी पोहोचत नाही. पाइप कुठे फुटला? सगळा चर उकरायचा म्हटले तर हंगाम निघून जाईल. पण पाण्याचे एक बरे असते. जिथे गळती असेल तिथली माती ओली होते, गवत हिरवे दिसते, म्हणजे जमीनच चुगली करते. विजेचे तसे नाही. तार जिथे जमिनीला टेकली असेल तिथून वीज गुपचूप मातीत उतरते, आणि वरच्या गवताला त्याचा पत्ताही लागत नाही. मग ती तार समुद्राच्या तळाशी, दोन-दोन मैल पाण्याखाली असेल तर?

नेमका हाच प्रसंग १८५८ साली ओढवला. आयर्लंडमधल्या व्हॅलेंशिया बेटापासून अमेरिकेच्या बाजूच्या न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशी सुमारे दोन हजार मैल लांबीची केबल टाकण्यात आली. ऑगस्ट महिन्यात ती जोडली गेली आणि दोन्ही खंडांत आनंदोत्सव झाले. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना संदेश पाठवला. संदेश जेमतेम शंभरेक शब्दांचा, पण तो पलीकडे पोहोचायला सुमारे सोळा तास लागले! म्हणजे पहिल्याच दिवसांत तारेची नाडी मंद होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘नेट स्लो’ होते.

आता पाहा, अशा वेळी दोन प्रकारची माणसे पुढे येतात. त्या केबल कंपनीचा विद्युत्-प्रमुख होता व्हाइटहाउस नावाचा गृहस्थ. तो मूळचा शल्यवैद्य. त्याचे म्हणणे असे, की संदेश पोहोचत नाही ना, मग जोर वाढवा. त्याने मोठमोठी वेटोळी लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब त्या केबलवर सोडला. केबल आधीच सदोष होती, हे खरे. तिच्यावरचे वेष्टन काही ठिकाणी नीट नव्हते. पण या दांडगाईने उरलासुरला जीवही गेला. सप्टेंबर उजाडला आणि केबल मुकी झाली. तीन-चार आठवड्यांचे आयुष्य! एवढा पैसा, एवढी जहाजे, एवढे श्रम, सारे समुद्रात.

दुसरा माणूस होता ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम टॉमसन. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगप्रसिद्ध झाला तो हाच. त्याने दाब वाढवला नाही, उलट कमी केला. त्याने एक विलक्षण नाजूक यंत्र तयार केले होते. नखाएवढ्या आरशाच्या पाठीला बारीक लोहचुंबक चिकटवलेला आणि तो आरसा रेशमाच्या धाग्याला टांगलेला. केबलमधून अगदी क्षीण प्रवाह आला तरी आरसा किंचित वळे आणि त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर डावी-उजवीकडे सरके. मोठ्याने ओरडण्यापेक्षा कान तीक्ष्ण करणे, असा हा मार्ग. केबल जिवंत होती तोवर खरे काम झाले ते याच आरशावर. आणि ती मेल्यानंतर टॉमसन व व्हार्ले या जाणकारांनी किनाऱ्यावर बसून, तारेचा रोध मोजून, दोष आयर्लंडच्या किनाऱ्यापासून अमुक शेकडो मैलांवर असावा असा अंदाज बांधला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोळ्यांना न दिसणारी, हाताला न लागणारी जागा आकड्याने सांगता येते, हे इथे दिसले.

हे कसे साधते? शिक्षक मंडळींना वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल इतके ते सोपे आहे. तारेला विजेचा रोध असतो आणि तो लांबीबरोबर वाढतो. एक मैल तारेचा रोध माहीत असला, तर मोजलेल्या रोधावरून मैल काढता येतात. पण यात एक गोम आहे. तार जिथे मातीला टेकली, तिथल्या मातीचाही काही रोध असतो. तो कोरड्या दिवशी एक, ओल्या दिवशी दुसरा. मग हिशेब चुकतो.

यावर एक सुंदर तोड निघाली. तिला मरे यांच्या नावाने ‘मरे लूप’ म्हणतात. समजा, दहा मैलांच्या दोन तारा शेजारून गेल्या आहेत. एक सदोष, एक निर्दोष. पलीकडच्या टोकाला दोन्ही एकमेकींना जोडून टाकायच्या. झाली वीस मैलांची एकच माळ. आता अलीकडच्या टोकांना व्हीटस्टनचा तराजू लावायचा. त्याला ‘व्हीटस्टनचा पूल’ म्हणतात. मूळ कल्पना १८३३ सालची क्रिस्टी याची, पण व्हीटस्टनने १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली आणि नाव त्याचेच पडले. या तराजूला पारडी नसतात, दोन रोध असतात. ते कमीजास्त करत जायचे. काटा शून्यावर स्थिरावला, की दोन्ही बाजू तुल्य झाल्या. समजा, तेव्हा रोधांचे प्रमाण एकास तीन आले. म्हणजे दोषाच्या जागेने वीस मैलांचे एकास तीन असे दोन वाटे केले आहेत. एक वाटा पाच मैलांचा, दुसरा पंधरा मैलांचा. दोष सदोष तारेवर पाचव्या मैलाला! लाइनमनला सांगायचे, पाचव्या मैलाच्या खांबावर चढ. आणि गंमत अशी, की मातीचा रोध कितीही असो, काटा शून्यावर आला की तो हिशेबातून बाद होतो. माती कोरडी असो की ओली, उत्तर तेच.

पण मोजायचे म्हटले की माप हवे. त्या काळी प्रत्येक कारखान्याचा, प्रत्येक देशाचा रोधाचा पायलीशेर वेगळा होता. इतक्यात सुएझपासून एडनवरून कराचीपर्यंत, म्हणजे हिंदुस्थानला इंग्लंडशी जोडण्यासाठी, १८५९-६० मध्ये टाकलेली तांबड्या समुद्राची केबलही लवकरच निकामी झाली. दोन मोठी दिवाळी निघाल्यावर सरकारला चौकशी बसवावी लागली. १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाणित माप ठरवण्यासाठी समिती नेमली, तीत टॉमसन होता. आज आपण शाळेत ‘ओहम’ शिकवतो, त्याच्या जन्मामागे समुद्रात बुडालेल्या या केबली आहेत. पुढे १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने अटलांटिकमध्ये टिकाऊ केबल टाकली, इतकेच नव्हे तर आदल्या वर्षी तुटून बुडालेल्या केबलचे टोक समुद्रतळातून गळ टाकून वर काढले. हेच जहाज १८७० साली आपल्या मुंबईला आले होते, मुंबई ते एडन केबल टाकण्यासाठी.

असो. आता एका तऱ्हेवाईक पण थोर माणसाकडे वळू. ऑलिव्हर हेव्हिसाइड हा इंग्लंड-डेन्मार्क केबलवर काम करणारा तारबाबू. ऐन पंचविशीच्या आत नोकरी सोडून घरी बसला आणि गणित करत राहिला. नोकरीत असताना त्याने एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. केबल एकच, पण एका दिशेने संदेश भरभर जात आणि उलट दिशेने सावकाश. केबलमध्ये दोष असता तर दोन्ही दिशांना सारखाच त्रास झाला असता. मग कारण कुठे? केबलच्या दोन टोकांना जोडलेल्या जमिनीवरच्या तारा आणि यंत्रे सारखी नव्हती, त्यात. सगळे समुद्राकडे बोट दाखवतात आणि खोड निघते किनाऱ्यावर! हा प्रसंग ध्यानात ठेवा. पुढे तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.

याच हेव्हिसाइडने १८८७ साली गणिताने दाखवले, की लांबच्या तारेत ठरावीक प्रमाणात वेटोळी बसवली तर आवाज विकृत न होता जाईल. वरच्या अधिकाऱ्यांनी त्याची टर उडवली. पुढे १९०० साली अमेरिकेत प्यूपिनने अशा वेटोळ्यांचे पेटंट मिळवले आणि लांबच्या टेलिफोनचा प्रश्न बराच सुटला. हेव्हिसाइडला पैसा मिळाला नाही.

टेलिफोन १८७६ सालचा. मुंबईत १८८२ मध्ये त्याचे एक्स्चेंज निघाले. सुरुवातीला फोनला एकच तार असे आणि परतीची वाट जमिनीतून. शहरांतून विजेच्या ट्राम धावू लागल्या, तशी त्या एकट्या तारेत घरघर सुरू झाली. मग दोन तारा आल्या, आणि त्या एकमेकींना पीळ देऊन, आपण सुतळी वळतो तशा, वळलेल्या. पीळ दिल्याने बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि एकमेकांना मारून जातो. तुमच्या घराच्या भिंतीवरच्या डबीत आलेली जोडी तीच. तिच्यात सारे काही बोलण्यासाठी होते. माणसाचा आवाज कळायला सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० आंदोलने पुरतात. एक्स्चेंज त्याहून जास्त जाऊच देत नसे.

तांबे मात्र त्याहून पुष्कळ अधिक वाहू शकते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जोसेफ लेक्लायडर यांनी आग्रह धरला, की याच जुन्या जोडीवरून घरात येणारी माहिती वेगाने आणि बाहेर जाणारी कमी वेगाने पाठवावी. घरातला माणूस देण्यापेक्षा घेतो जास्त. त्यातून ‘एडीएसएल’ ही पद्धत उभी राहिली. ती बोलण्याच्या पट्ट्याच्या वरचा, सेकंदाला जवळपास ११ लाख आंदोलनांपर्यंतचा भाग वापरते. त्या भागाचे बारीक बारीक २५६ वाफे पाडलेले असतात. तुमचा मोडेम चालू होताना प्रत्येक वाफा तपासतो. कुठे गोंगाट कमी, तिथे जास्त माहिती पेरतो. कुठे गोंगाट जास्त, तिथे कमी. आणि जो वाफा अगदी खडकाळ, तो पडीक ठेवतो. शेतकऱ्याचीच रीत! आपल्याकडे सरकारी कंपनीने २००५ च्या जानेवारीत ही सेवा सुरू केली. आता पुष्कळ ठिकाणी तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे, पण जिथे तांबे आहे तिथे हीच विद्या.

या पद्धतीचे दोन स्वभाव ओळखून ठेवले पाहिजेत. एक, जितकी आंदोलने जास्त तितकी ती तारेत लवकर मरतात. म्हणून एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरांपलीकडे वेग फार उतरतो, आणि त्याला कोणी काही करू शकत नाही. दोन, प्यूपिनची ती वेटोळी! आवाजाला ती अमृत होती, पण वरची सगळी आंदोलने ती अडवून धरतात. शंभर वर्षांपूर्वीचे औषध आज रोग ठरले. जुन्या लांब लाइनींवरून ती शोधून काढून टाकावी लागली.

आणि आता सगळ्यांत मासलेवाईक हकीकत. ती २०२० सालची आहे. वेल्समध्ये एबरहोसन नावाचे लहानसे खेडे. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता सगळ्या गावाचे इंटरनेट आजारी पडे. घड्याळ लावावे इतके नियमित! कंपनीची माणसे आली, तपासून गेली. तारेतच दोष असेल म्हणून त्यांनी गावातल्या केबलचे लांबच्या लांब भाग बदलले. काही उपयोग नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार. शेवटी एक तुकडी मुक्कामालाच आली. त्यांच्याजवळ विजेचा गोंगाट दाखवणारे यंत्र होते. पहाटे सहा वाजता, मुसळधार पावसात, ते यंत्र घेऊन ती मंडळी गावातून हिंडू लागली. सात वाजले आणि यंत्राने उसळी दाखवली. त्या खुणेवर चालत चालत ते एका घराशी पोहोचले. घरात एक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला दूरदर्शन संच. घरधनी रोज सात वाजता उठून तो लावी, आणि त्यातून निघणारा विजेचा गोंगाट गावाच्या तारांत शिरे. त्याला हे कळले तेव्हा तो शरमून गेला आणि संच पुन्हा न लावण्याचे त्याने कबूल केले. गाव बरे झाले.

पाहिलेत ना? हेव्हिसाइडचीच गोष्ट पुन्हा घडली. खोड तारेत नव्हती, टोकाला होती. आणि तिला पकडले ते नव्या केबलने नव्हे, घड्याळाने. दीड वर्षात सात ही वेळ सगळ्या गावाला पाठ होती. फक्त त्या वेळी मोजायला कोणी उभे नव्हते.

तेव्हा तुमच्या घरचे इंटरनेट असे रुसू लागले, तर तक्रार करण्याआधी आठ दिवस एक वही ठेवा. केव्हा गेले, केव्हा आले, पाऊस होता का, शेजारची मोटर चालू होती का, घरात कोणता दिवा लावला होता, एवढेच लिहा. शाळेत ठेवायची असेल तर सातवीच्या मुलांना हे काम द्या, ती आपल्यापेक्षा चोख करतील. पावसात जात असेल, तर कुठल्या तरी जोडात पाणी शिरते आहे. फोन वाजताच किंवा उचलताच जात असेल, तर फोन आणि लाइन यांच्यामध्ये बसवायची ती लहानशी गाळणी, म्हणजे फिल्टरची डबी, नाही किंवा बिघडली आहे. फोन उचलून, कुठलाही आकडा न फिरवता कानाला लावा. खरखर ऐकू आली, तर कुठे तरी तांब्यावर हिरवट गंज चढला आहे. कधी उलटेही होते. फोन पूर्ण मुका, पण इंटरनेट रडतखडत चालू. असे झाले तर चक्रावून जाऊ नका. जोडीतली एक तार तुटली असली तरी वरची आंदोलने ती बारीक फट ओलांडून जाऊ शकतात; बोलणे मात्र जाऊ शकत नाही. अशा वेळी लाइनमनला सरळ सांगा, एक तार तुटली असावी.

त्यानंतर दोषाचे दोन भाग पाडा. घरातले सगळे जादा फोन, सगळ्या जादा तारा काढून टाका आणि बाहेरून तार पहिल्यांदा जिथे घरात येते त्या डबीला मोडेम लावा. तरीही त्रास तोच, तर दोष बहुधा बाहेर. त्रास थांबला, तर दोष घरात. मग एकेक वस्तू परत जोडत जा. मोडेमच्या पानावर दोन आकडे दिसतात. एक क्षीणनाचा, म्हणजे वाटेत किती शक्ती मेली त्याचा. आणि दुसरा गोंगाटावर किती वरचढपणा उरला त्याचा. पहिला एकाएकी बदलला, तर तारेत किंवा जोडात काही घडले आहे. पहिला जागच्या जागी, पण दुसरा ठरावीक वेळी कोसळतो, तर एबरहोसनसारखा कोणी तरी गोंगाट करतो आहे. हे आकडे वहीत लिहून लाइनमनला दाखवा. नुसते ‘चालत नाही’ म्हणण्यापेक्षा त्याला त्याचा फार उपयोग होईल, आणि तुम्हांलाही तो जरा वेगळ्या नजरेने पाहील.

तो गोंगाट शोधायला महागडे यंत्र लागत नाही. तुम्ही आकाशवाणी ऐकता तो मध्यमलहरींचा जुना ट्रान्झिस्टर घ्या. आमच्या मध्यमलहरी सेकंदाला सुमारे ५ लाख ३० हजार ते १६ लाख आंदोलनांच्या असतात, म्हणजे तुमच्या इंटरनेटचा वरचा अर्धा भाग आणि आमचे केंद्र एकाच शिवारात नांदतात. काटा सहाशेच्या आसपास अशा जागी लावा, जिथे कोणतेच केंद्र लागत नाही. आवाज मोठा करा. मग घरातून हिंडा; मोबाइलच्या चार्जरजवळ, एलईडी दिव्याजवळ, इन्व्हर्टरजवळ, टीव्हीजवळ. जिथे खरखर एकदम वाढेल तिथे ती वस्तू बंद करा आणि मोडेमचा दुसरा आकडा पुन्हा पाहा. घरात काही सापडले नाही, तर तुमच्या वहीतल्या वेळेला ट्रान्झिस्टर घेऊन अंगणात या आणि शेजारच्या घराच्या बाजूने चालू लागा. मात्र दार वाजवण्यापूर्वी आपल्याच घरातला संच बंद केला आहे ना, एवढे पाहून घ्या.